नव्याण्णवच्या पुढची नावे

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. माझ्या अंगावर जाड काळ्या पेनाने काही ओळी लिहिलेल्या आहेत. वरच्या दोन कोपऱ्यांना भोके आहेत आणि त्यांत सुतळी ओवलेली आहे. पुठ्ठ्याला कसली आली आहे भीती, असे तुम्ही म्हणाल. वाळवीची मला भीती वाटत नाही. रद्दीवाल्याची थोडी वाटते, पण ती सगळ्याच कागदांना वाटते. माझी खरी भीती माझ्याच अंगावरच्या शब्दांची आहे. ती कशी बसली, ते सांगतो.

मूळचा मी एका खोक्याचे झाकण होतो. त्या खोक्यातून प्रिंटरचा कागद आला होता, वीज कंपनीच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर. तिथे एकीला लागून एक अशा दोन खोल्या होत्या. आतली काचेची आणि थंडगार. तिच्यात कपाटांएवढी उंच यंत्रे रांगेने उभी असत आणि दिवसभर घुमत असत. त्या सगळ्याला मिळून मेनफ्रेम म्हणत. बाहेरच्या खोलीत एक टेबल, एक स्क्रीन, एक फोन आणि खडखड करणारा प्रिंटर होता. टेबलाशी ताई बसत. त्यांना सगळे कार्यालय ताईच म्हणे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा.

त्या खोलीचे काम समजून घ्या, म्हणजे पुढचे समजेल. शहरात रोज कुठे ना कुठे विजेच्या तारांची दुरुस्ती चाले. ती चालू असताना त्या भागाची वीज बंद ठेवावी लागे. उद्या कोणत्या घरांची वीज जाणार, याची यादी मेनफ्रेम रोज दुपारी छापून देई. पण काही घरांत अशी आजारी माणसे होती की त्यांचा श्वास यंत्रावर चाले. त्यांची नावे एका वेगळ्या यादीत नोंदवलेली होती. नियम असा होता की, घर त्या यादीत असेल तर छापील कागदावर त्याच्यापुढे फुली पडावी. फुली दिसली की तारांची माणसे आधी त्या घरी बॅटरी पोचवत, आजाऱ्याचे यंत्र तिच्यावर नीट चालते ना ते पाहत आणि मगच वीज तोडत. फुली नसेल तर खुशाल तोडत. हा नियम कुणी माणूस पाळत नसे. मेनफ्रेममध्ये नियमांचे एक सॉफ्टवेअर होते, त्याला एकदा सांगून ठेवले होते आणि ते रोज निमूटपणे करत असे.

रोज चार वाजता मुकादम कागद घ्यायला येत. तारांवर काम करणारी दहा-अकरा माणसे त्यांच्या हाताखाली होती. उन्हाने रापलेला, मोजके बोलणारा माणूस. एक दिवस ते चारला न येता बाराला आले. हातात कालचाच कागद होता, मुठीत चुरगळलेला.

"ताई, हे घर बघा," ते म्हणाले. "फुली आहे का?"

"नाही."

"मी शिडीवर होतो. पकड तारेला लावलेली. खिडकीतून फुस फुस आवाज आला म्हणून वाकून बघितलं. म्हातारी आहे आत, नाकाला नळी. खाली उतरलो आणि तसाच इकडे आलो."

ताईंनी यादी उघडली. म्हातारीचे नाव यादीत होते, पत्ताही बरोबर होता. त्यांनी नियम पुन्हा चालवून पाहिला. 'पूर्ण झाले, चूक शून्य,' असे स्क्रीनवर आले आणि फुली काही पडली नाही. ताई जेवायला उठल्या नाहीत. दुपारभर त्या नावे मोजत बसल्या. यादीत एकशे सात नावे होती. पहिल्या नव्याण्णव नावांना फुली पडत होती. पुढच्या आठांना पडत नव्हती.

मग त्यांनी कपाटातून सॉफ्टवेअरबरोबर आलेले जाडजूड पुस्तक काढले. शेवटाकडे एक प्रकरण होते, 'माहीत असलेल्या मर्यादा आणि त्यांवरचे उपाय'. बारीक अक्षरांत पानेच्या पाने होती. नियमाचे नाव आठ अक्षरांपेक्षा मोठे चालत नाही. नियम बदलला तर यंत्र बंद करून चालू केल्याशिवाय बदल लागू होत नाही. असे बरेच काही. एकतिसावी मर्यादा अशी होती: एका यादीतल्या फक्त पहिल्या नव्याण्णव ओळी वाचल्या जातात, पुढच्या ओळी सोडल्या जातात, तशी सूचना मिळत नाही. उपाय: यादीचे भाग करावेत.

"म्हणजे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं," मुकादम म्हणाले.

"ठाऊक होतं आणि छापलंही होतं," ताई म्हणाल्या. "वाचलं नाही ते आपण."

त्या आठ घरांपैकी बाकीच्या सातांची वीज अजून बंद करायची वेळ आली नव्हती, इतकेच. ताई लगेच उठल्या. घाईघाईने त्यांनी खोक्याचे झाकण कापले, जाड पेन घेतला आणि लिहिले:

'यादी ९९ च्या वर आहे. दोन भाग करा. नियम दोनदा चालवा. यंत्र चूक सांगत नाही.'

असा माझा जन्म झाला, मित्रांनो. शाई वाळली तेव्हा ती घाई माझ्या अक्षरांत तशीच राहिली होती. दोन ठिकाणी रेघ वाकडी आहे, आजही.

मला टेबलाच्या डाव्या हाताच्या भिंतीवर खिळ्याला टांगले. तिथून मला स्क्रीन तिरकी दिसे, दारही दिसे. ताई रोज यादी मोजत, मधोमध तोडत, एकदा पहिल्या भागावर नियम चालवत, एकदा दुसऱ्या. चालवण्याआधी माझ्याकडे एक नजर टाकत. मला वाटे, मी पुठ्ठा नाही, पहारेकरी आहे. वरून मोठे अधिकारी आले की ताई माझ्याकडे बोट दाखवत. एका अधिकाऱ्यांनी तर विचारले, "सॉफ्टवेअर लाखमोलाचं आणि त्याची अब्रू या खोक्याच्या तुकड्यावर?" सगळे हसले. मीही मनातून हसलो. तेव्हा मला भीती ठाऊक नव्हती. भीती मला घडवणाऱ्यांना वाटली होती. मी नुसता तिचा कागद होतो.

काही वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. वेळेवर येणारा, टेबल पुसून बसणारा, चहाचा कप स्वतः विसळणारा. ताईंनी जाताना त्यांना मी काय आहे ते समजावून सांगितले होते. त्यांनी मान डोलावली आणि वर्षभर इमानाने दोन भाग केले. मग त्यांना वाटले, रोज हाताने काय तोडत बसायचे. त्यांनी मेनफ्रेमला एक लहानसा हुकूम लिहून दिला. एक बटण दाबले की यादीचे बरोबर निम्मे भाग होत आणि नियम आपोआप दोनदा चाले. साहेब खूश झाले. त्या दिवसापासून खोलीत कुणी काही मोजले नाही.

आतली खोली थंड असे, म्हणून साहेब एक स्वेटर कार्यालयातच ठेवत. तो टांगायला त्यांना खिळा हवा होता. खिळा माझाच होता. स्वेटर माझ्यावर आला आणि माझ्या अर्ध्याअधिक ओळी झाकल्या गेल्या. साहेब आत जाताना स्वेटर घालून जात, तेवढा वेळ मला स्क्रीन दिसे. परत आले की अंधार.

त्या थोड्या वेळात मी एकच गोष्ट पाहत असे: स्क्रीनच्या कोपऱ्यात यादीतल्या नावांची संख्या. श्वासाची यंत्रे आता घरोघरी मिळू लागली होती. संख्या एकशे चाळीस झाली, एकशे सत्तर झाली. एकशे ऐंशी झाली तेव्हा एका दुपारी माझ्या मनात हिशेब आला आणि माझी सुतळीसुद्धा ताठ झाली. दोन भाग. एकेका भागात नव्याण्णव. म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव. त्यापुढे काय?

त्यापुढे माझ्यावर काहीच लिहिलेले नव्हते. ताईंनी लिहिले तेव्हा एकशे सात नावे होती आणि दोन भाग पुरून उरत होते. दोनच का, हे त्या घाईत लिहायचे राहिले होते. आता मी सांगतो तसे सगळे करतील, अगदी तंतोतंत करतील, आणि एक दिवस माझ्याच सांगण्याने एक माणूस गळून पडेल.

मित्रांनो, बोलता येत नसणे म्हणजे काय, ते मला त्या महिन्यांत कळले. एकशे शहाण्णव. एकशे सत्त्याण्णव. एकशे अठ्ठ्याण्णव. मग एके दिवशी साहेबांनी एक नाव खोडले आणि संख्या एकने उतरली. मला इतके हायसे वाटले की काय सांगू. आणि लगेच लक्षात आले की ते नाव काय उगाच खोडले नसेल. कुठल्या तरी घरातले यंत्र कायमचे बंद झाले होते. एका माणसाच्या जाण्याने मला सुटल्यासारखे वाटले होते. ती लाज अजून गेलेली नाही. पुढच्याच आठवड्यात संख्या पुन्हा एकशे अठ्ठ्याण्णव झाली.

एका मंगळवारी सकाळी कुणी तरी डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आले. साहेबांनी नवीन नाव यादीच्या शेवटी घातले, त्या माणसाला नोंदीची पावती दिली आणि आपुलकीने म्हणाले, "आता काळजी करू नका, नाव यादीत आलं." मग स्वेटर घालून ते आत गेले. मी स्क्रीन पाहिली. एकशे नव्याण्णव.

दुपारी स्वेटर अंगातच ठेवून त्यांनी बटण दाबले. यादी तुटली. पहिल्या भागात शंभर, दुसऱ्या भागात नव्याण्णव. नियम पहिल्या भागावरून चालत गेला, नव्याण्णव नावे वाचून थांबला, दुसऱ्या भागाकडे वळला. 'पूर्ण झाले, चूक शून्य.' प्रिंटर खडखडला. मला वाटले, आता तरी सुतळी तुटावी, मी धपकन टेबलावर पडावे, साहेबांनी मला उचलावे आणि उचलताना वाचावे. सुतळी चांगली होती. तुटली नाही. चारला मुकादमांचा माणूस आला आणि कागद घेऊन गेला.

गळलेले नाव त्या सकाळच्या नव्या माणसाचे नव्हते, हे लक्षात घ्या. ते शंभरावे नाव होते, एका शिंपीकाकांचे. ते नऊ वर्षे यादीत होते. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बॅटरी वेळेवर पोचली होती. बसल्या जागी ते अजून शर्टांची काजे करत. आदल्या दिवशीपर्यंत ते दुसऱ्या भागातले पहिले होते. एक नाव वाढले, यादी एका जागेने सरकून तुटली आणि ते पहिल्या भागातले शेवटचे झाले.

बुधवारी साडेदहाला फोन वाजला. साहेबांनी घेतला. पलीकडून बाई इतक्या मोठ्याने बोलत होती की मला भिंतीवर ऐकू आले.

"आमच्याकडची वीज गेलीय. बॅटरी आलीच नाही. सासरे मशीनवर आहेत हो."

"एक मिनिट, बघतो," साहेब म्हणाले. त्यांनी कागदाची प्रत काढली. "बाई, तुमच्या घरापुढे फुली नाहीये. तुम्ही नाव नोंदवलंय का?"

"नऊ वर्षं झाली नोंदवून. दर वेळी येते बॅटरी. म्हणून तर मी चार मिनिटं नुसती वाट बघत बसले, आता येतील, मग येतील. माझी जाऊ श्वासाची पिशवी दाबतेय, ती हाताने दाबायची असते ना, ती. फोन शेजारच्यांचा आहे, खिडकीतून घेतलाय. तुम्ही चालू करा ना वीज."

साहेबांनी यादी उघडली. नाव होते. त्यांनी खुर्ची मागे सारली. त्यांनी वायरलेस उचलला आणि मुकादमांना गाठले.

"मुकादम, ताबडतोब लाइन चालू करा. त्या गल्लीत मशीनवरचा पेशंट आहे."

मुकादमांचा आवाज शांत होता, पण नेहमीपेक्षा हळू. "साहेब, आता घरागणिक तोडत नाही आपण. कोपऱ्यावरच्या पेटीतून सगळी लाइन बंद आहे. माझी अकरा माणसं खांबांवर आहेत. हात तारेला आहेत त्यांचे. आत्ता चालू केली तर अकरा जातील."

"मग उतरवा."

"उतरवतोय. एकेकाला डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पेटीला हात लावणार नाही."

एका हातात फोन आणि दुसऱ्यात वायरलेस घेऊन साहेब उभे होते. फोनमधून ती सून जावेला सांगत होती, "दाब, सोड. दाब, सोड. थकलीस तर मी येते." वायरलेसमधून मुकादम मोजत होते. "चार उतरले. पाच." मग बराच वेळ काही नाही. "सहा. सात. आठवा कुठंय रे?" कुणी तरी लांबून ओरडले. "आठवा मागच्या गल्लीत आहे, त्याला आवाज जात नाही. माणूस पाठवलाय पळत."

साहेब फोनमध्ये म्हणाले, "होतंय बाई, होतंय." त्यांचा स्वेटर खुर्चीवर पडला होता आणि मी भिंतीवर उघडा होतो. त्यांची नजर माझ्यावर आली. पहिल्यांदाच त्यांनी मला सावकाश, ओळीने वाचले. 'दोन भाग करा' या शब्दांशी ते अडखळले. मग स्क्रीनकडे पाहिले, एकशे नव्याण्णव आकडा पाहिला आणि खाली बसले.

"नऊ. दहा," वायरलेस म्हणाला. "अकरा. अकरा जमिनीवर. चालू करतोय."

फोनमधून कुणाचा तरी हुंदका आला आणि त्याच्या मागे यंत्राचा आवाज, फुस, फुस. फोन साडेदहाला आला होता, आता अकराला तीन मिनिटे कमी होती.

शिंपीकाका वाचले. दवाखान्यात नऊ दिवस राहून घरी आले. पण त्यांच्या उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखी राहिली नाहीत. सुईत दोरा ओवता येत नाही, काज तर दूरच. हे मला नंतर कळले, ते त्यांच्या सुनेकडून.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी ताईंना बोलावून घेतले. ताई काठी टेकत दोन जिने चढून आल्या. केस पिकले होते. साहेब उभे राहिले.

"मी तुमच्या पाटीप्रमाणेच केलं, ताई. दोन भाग लिहिलंय, मी दोन केले."

"हो," ताई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर केलंत आणि मी बरोबर लिहिलं होतं. आणि त्या माणसाचा श्वास अडकला."

"बटण मीच केलं. मोजणं मीच बंद पाडलं."

"मीही दोनच का, ते लिहिलं नाही. वाटलं, कळेलच की."

कुणी कुणावर आवाज चढवला नाही. दोघेही वळून माझ्याकडे पाहू लागले. आपल्याकडे असे पाहिले जाणे किती जड असते, ते तुम्हाला कधी कळू नये.

ताईंनी पेन मागितला. त्या 'दोन'च्या जागी 'तीन' लिहायला गेल्या आणि थांबल्या. "तीन लिहिलं तर दोनशे सत्त्याण्णवच्या पुढे पुन्हा हेच," त्या म्हणाल्या. त्यांनी मला उतरवले, पालथे केले आणि माझ्या कोऱ्या पाठीवर सावकाश लिहिले: हे सॉफ्टवेअर एका यादीतली पहिली ९९ नावेच वाचते. पुढची गाळते आणि सांगत नाही. नव्या नावामुळे जुने नाव गळू शकते. भाग कितीही करा, पण रोज प्रत्येक भाग मोजा. एकाही भागात शंभर नावे नकोत. खाली त्यांनी तारीख घातली. साहेबांनी आपल्या बटणालाही मोजायला लावले. शंभरावे नाव आले की आता ते तिथेच अडते.

पंधरवड्याने शिंपीकाकांची सून कार्यालयात आली. भांडायला आली असेल असे वाटून साहेबांनी खुर्ची पुढे केली आणि स्वतः उभे राहिले. तिला फक्त पाहायचे होते की नाव गेले कुठे. त्या दिवशी ताईही आल्या होत्या. ताईंनी मला तिच्या हातात दिले. "वाचा. तुम्हाला कळलं तरच ते बरोबर लिहिलंय असं मी म्हणेन."

ती ओठ हलवत वाचत गेली. "म्हणजे कुणी तरी नवीन आलं म्हणून आमचं गळलं?"

"हो," साहेब म्हणाले.

"त्यांना मिळाली का बॅटरी?"

"त्यांच्याकडे अजून वीज बंद करायची वेळ आलेली नाही. आली की मिळेल."

"मग बरं," ती म्हणाली. तिने मला पुन्हा एकदा वरून खालपर्यंत पाहिले. तिच्या बोटांना सुई टोचल्याच्या जुन्या खरखरीत खुणा होत्या, त्या मला लागल्या. "आणि हे कुणी वाचलंच नाही तर?"

साहेबांनी ताईंकडे पाहिले. ताईंनी हात पुढे करून माझ्या सुतळीची गाठ ओढून पाहिली. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. मला टेबलावर ठेवले, सरळ केले आणि ती निघून गेली.

आता मी त्याच भिंतीवर आहे. स्वेटरसाठी वेगळा खिळा ठोकला आहे. साहेब रोज दुपारी स्क्रीनवर बोट ठेवून प्रत्येक भाग मोजतात, बटण मोजत असले तरी मोजतात. सॉफ्टवेअर बदलायचे बोलणे चालू आहे, गेली तीन वर्षे. तोवर यादी वाढतच आहे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. काही लिहून ठेवाल तेव्हा काय करायचे याबरोबर का करायचे तेही लिहा. आणि दुसऱ्याने लिहिलेले पाळाल तेव्हा एकदा विचारा, हे आजही खरे आहे का? आमच्यासारख्यांना स्वतःहून हाक मारता येत नाही.

साहेब या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. त्यांच्या जागी येणाऱ्या बाई काल खोली पाहायला आल्या होत्या. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली. तेवढ्यात फोन वाजला आणि त्या तिकडे वळल्या.

अजून तीन ओळी राहिल्या आहेत. मी वाट पाहतो आहे.